हेलियमची जन्मतारीख

बँकेच्या नोकरीत खाती उघडण्याचे अर्ज मी हजारोंनी तपासले. त्या अनुभवावरून छातीठोकपणे सांगतो, महाराष्ट्रातली निम्मी जनता एक जूनला जन्माला आली आहे. निदान आमच्या पिढीपर्यंत तरी हा नियमच होता. आई मुलाला शाळेत घेऊन जायची, मास्तर जन्मतारीख विचारायचे, आई सांगायची, ‘नदीला तो मोठा पूर आला होता ना, त्याच्या पुढल्या आषाढातला.’ मास्तर मनातल्या मनात वजाबाकी करायचे आणि दाखल्यावर एक जून लिहून मोकळे व्हायचे. पुढे तीच तारीख नोकरीला, तीच पेन्शनला. एक तारखेला जन्मलेला माणूस आदल्या महिन्याच्या अखेरीस निवृत्त होतो, त्यामुळे आमच्याकडे एकतीस मेच्या संध्याकाळी निरोपसमारंभांची अशी झुंबड उडायची की हारवाल्याला आठ दिवस आधी सांगून ठेवावे लागे. त्यातले खरोखरीचे एक जूनवाले किती, हे देव जाणे आणि त्यांच्या आया जाणोत.

आकाशातल्या शोधांच्या जन्मतारखाही पुष्कळदा अशाच मास्तरांनी लिहिलेल्या असतात. गॅलिलिओने १६०९ साली दुर्बीण आकाशाकडे वळवली म्हणून २००९ हे जागतिक खगोल वर्ष म्हणून साजरे झाले. साजरे व्हायलाच हवे होते. पण त्याच १६०९ च्या उन्हाळ्यात इंग्लंडमध्ये टॉमस हॅरियट नावाच्या गृहस्थाने दुर्बिणीतून चंद्र पाहून त्याचे चित्र काढले होते, गॅलिलिओच्या चंद्रचित्रांच्या काही महिने आधी. त्याने ते छापले नाही, म्हणून त्याचा एक जून हुकला. असो. हॅरियटसाठी भांडायला इंग्रज समर्थ आहेत. मला बोलायचे आहे ते आपल्या घरच्या एका तारखेबद्दल, आणि त्या तारखेच्या बाबतीत मी स्वतः केलेल्या एका चुकीबद्दल.

नोकरीत मला तीन वर्षे देवगड तालुक्यात काढायला मिळाली. बायकोमुले पुण्याला, त्यामुळे रविवार मोकळा. एका रविवारी विजयदुर्ग पाहायला गेलो. किल्ल्याचे वर्णन करत बसत नाही, पाहणाऱ्यांनी तो पाहिलेला आहे. वाट दाखवणारा स्थानिक तरुण मला एका उंच मोकळ्या जागी घेऊन गेला. तिथे दगडी चौथरे होते. ‘ह्ये सायबाचे कट्टे,’ तो म्हणाला, ‘हयसरच बसान सायबान सूर्य बघल्यान, आणि हेलियम गावला.’ साहेब म्हणजे नॉर्मन लॉकियर आणि दिवस १८ ऑगस्ट १८६८, खग्रास सूर्यग्रहणाचा. समोर अरबी समुद्र, पायाखाली आंग्र्यांचा किल्ला, आणि आपण अशा जागी उभे, जिथे माणसाने पृथ्वीवर सापडण्याआधीच एक मूलद्रव्य सूर्यावर पाहिले! माझ्या अंगावर काटा आला. लेखकाच्या अंगावर काटा आला की समजावे, चौकशी आता होणार नाही.

तशी ती झाली नाही. पुढे माझ्या एका कादंबरीत मी तो प्रसंग घातला. श्रावणातली सकाळ, कट्ट्यावर बसलेला गोरा साहेब, दुर्बीण, आणि सूर्याच्या कडेची ती पिवळी रेषा. चांगली साडेतीन पाने. समीक्षकांपैकी एकाने त्या पानांचा खास उल्लेख केला, त्यामुळे माझी खात्रीच पटली. मग तालुक्याच्या गावाहून एका निवृत्त शिक्षकांचे पोस्टकार्ड आले. ‘आपली कादंबरी आवडली. एक शंका आहे. आपण आमच्याकडे तीन वर्षे होता असे मलपृष्ठावर वाचले. त्या तीन वर्षांत अठरा ऑगस्टला सकाळी आपल्याला सूर्य किती वेळा दिसला? कळावे.’

कोकणातला ऑगस्ट ज्याने काढला आहे, त्याला यापुढे काही सांगायला नको. माझ्या बँकेतल्या खतावण्यांनासुद्धा त्या दिवसांत बुरशी यायची. ग्रहण पाहण्यासाठी सातासमुद्रापलीकडून येणारा माणूस भर पावसाळ्यात विजयदुर्गाला का येईल? इतका साधा प्रश्न मला तीन वर्षे छत्री घेऊन हिंडताना पडला नव्हता. मास्तरांना पडला. मग मात्र माझ्यातला लेखक मागे सरला आणि बँकवाला पुढे आला. नोंद आहे, तर व्हाउचर कुठे आहे?

व्हाउचर आहे, पण निराळ्या तारखेचे.

१८ ऑगस्ट १८६८ चे ग्रहण खरोखर मोठे होते. सर्वाधिक काळ जिथे टिकले तिथे खग्रास अवस्था जवळजवळ पावणेसात मिनिटांची होती. सावलीचा पट्टा एडनवरून निघाला, आपल्या पश्चिम किनाऱ्यावर चढला, दख्खन ओलांडून पूर्व किनाऱ्यावर उतरला आणि पुढे सयामकडे गेला. सयामचा राजा मोंगकुट स्वतः ज्योतिर्गणिती. त्याने या ग्रहणाचे गणित स्वतः केले, परदेशी पाहुण्यांना जंगलाकाठच्या किनाऱ्यावर बोलावले, गणित बरोबर आले, आणि तिथे जडलेल्या हिवतापाने १ ऑक्टोबरला तो वारला. विजयदुर्गही सावलीच्या पट्ट्यात होता, हे खरे. परंतु जाणत्या मंडळींनी सह्याद्रीच्या पलीकडची, कमी पावसाची गावे निवडली. विल्यम हर्शेलचा नातू लेफ्टनंट जॉन हर्शेल पटवर्धनांच्या जमखंडीला उतरला. कॅप्टन हेग विजापूरला. मेजर टेनंट आणि फ्रान्सहून आलेला ज्यूल जान्सेन हे दोघे पार पलीकडे गुंटूरला. मद्रास वेधशाळेचा प्रमुख नॉर्मन पॉग्सन मच्छलीपट्टणला. त्याच वेधशाळेतले चिंतामणी रघुनाथाचारी निजामाच्या मुलखात वनपर्तीला एक तुकडी घेऊन गेले. हे रघुनाथाचारी पुढे १८७२ साली लंडनच्या रॉयल अॅस्ट्रॉनॉमिकल सोसायटीचे फेलो झाले. आपल्यापैकी किती जणांनी त्यांचे नाव ऐकले आहे? मी ऐकले नव्हते.

हे सारे लोक पाहायला काय आले होते, ते थोडक्यात सांगतो. आमटी उतू जाऊन शेगडीवर सांडली की गॅसची निळी ज्योत पिवळी होते, हे घरातल्या प्रत्येकाने पाहिले आहे. मिठातल्या सोडियमची ती करामत. त्या ज्योतीचा उजेड लोलकातून पसरवून पाहिला तर पिवळ्या रंगात एकमेकींना खेटून असलेल्या दोन तेजस्वी रेषा दिसतात. प्रत्येक मूलद्रव्याच्या अशा ठरावीक रेषा असतात. निरक्षर खातेदाराचा अंगठा जसा दुसऱ्या कुणाचा नसतो, तसेच. किरखोफ आणि बुन्सेन या दोघा जर्मन शास्त्रज्ञांनी ही अंगठे ओळखण्याची विद्या १८६० च्या सुमारास पक्की केली, आणि १८६८ चे ग्रहण हे त्या विद्येला मिळालेले पहिलेच मोठे खग्रास ग्रहण. ग्रहणात सूर्यबिंब झाकले की त्याच्या कडेने तांबूस ज्वाळा दिसतात. त्या कशाच्या, याचा निकाल लावायचा होता.

निकाल काही मिनिटांत लागला. ज्वाळांच्या उजेडात तेजस्वी रेषा दिसल्या, म्हणजे त्या तापलेल्या वायूच्या होत्या, आणि मुख्यतः हायड्रोजनच्या. जमखंडीला ढगांच्या फटीतून का होईना, पण हर्शेललाही रेषा दिसल्या; तांबडी, नारिंगी आणि निळी. या मधल्या रेषेचे काय? बहुतेकांनी ती सोडियमची म्हणून खाती टाकली. सोडियमची जोडरेषा आणि ही रेषा यांच्यात अंतर फार थोडे. आजच्या मापाने सोडियमच्या रेषा ५८९.० आणि ५८९.६ नॅनोमीटरवर, तर ही ५८७.६ वर. मच्छलीपट्टणला पॉग्सनने मात्र आपल्या अहवालात ही रेषा सोडियमच्या जागी ‘किंवा जवळ’ असल्याची नोंद केली. या ‘किंवा जवळ’ला मी सलाम करतो. आकडा नीट लागत नसेल तर लागला असे लिहू नये, पेन्सिलीने बाजूला खूण करून ठेवावी, हे आम्हांला जुन्या हेडक्लार्कने शिकवले होते. पॉग्सनचा तो अहवाल मद्रासेत छापला गेला आणि युरोपात त्याची फारशी कुणी दखल घेतली नाही.

गुंटूरला जान्सेन एका फ्रेंच व्यापाऱ्याच्या घरात यंत्रे मांडून बसला होता. त्याचे लक्ष वेधले ते रेषांच्या तेजाने. इतक्या झगझगीत रेषा पाहायला ग्रहणाची वाट कशाला पाहायची, असे त्याच्या मनात आले. एरवी त्या ज्वाळा दिसत नाहीत त्या आकाशाच्या झगमगाटामुळे. पण तो झगमगाट सगळ्या रंगांचा. लोलकातून लांबवर पसरवला की, थोडेसे तूप मोठ्या परातीत पसरावे तसा, पातळ होतो. ज्वाळेची रेषा मात्र एकाच रंगाची, ती कितीही पसरवा, पसरत नाही. दुसऱ्याच दिवशी, १९ ऑगस्टला, भर उजेडात जान्सेनने सूर्याच्या ज्वाळा पाहिल्या आणि पुढे कितीतरी दिवस तो पाहत राहिला.

हा जान्सेन मला फार जवळचा वाटतो. लहानपणी झालेल्या अपघाताने तो पायाने अधू झाला, आणि विज्ञानाकडे वळण्याआधी त्याने बँकेत नोकरी केली होती. दोन वर्षांनी, १८७० साली, प्रशियाच्या फौजेने पॅरिसला वेढा घातला असताना हा लंगडा माणूस अल्जीरियातले ग्रहण पाहण्यासाठी बलूनमध्ये बसून वेढ्यावरून उडून गेला. तिथे पोचला, तर ग्रहणाच्या दिवशी आभाळ भरून आलेले. नशीब म्हणतात ते हेच.

आणि लॉकियर? १८ ऑगस्ट १८६८ ला लॉकियर इंग्लंडमध्ये होता. वय बत्तीस, नोकरी सरकारी युद्धखात्यात कारकुनाची. फावल्या वेळात लंडनमधल्या आपल्या घराच्या बागेत दुर्बीण लावून तो सूर्य पाहत असे. ग्रहणाशिवाय ज्वाळांचा वर्णपट पाहता येईल, ही कल्पना त्यालाही स्वतंत्रपणे सुचली होती, आणि जान्सेनच्या आधी. रॉयल सोसायटीकडून पैसे मंजूर झाले होते. यंत्र बनवणाऱ्याने उशीर केला. मंजुरी झाली, पैसे आहेत आणि माल येत नाही, ही कथा कुठल्या देशात घडत नाही? यंत्र अखेर १८६८ च्या ऑक्टोबरमध्ये हातात आले आणि २० ऑक्टोबरला लॉकियरने सूर्याची ज्वाळा ग्रहणाशिवाय पाहिली. रेषा तीन. त्यांतली एक सोडियमच्या रेषेजवळ, पण तिच्या जागेवर नाही. पुढे त्याने तिचा पिच्छा पुरवला, रसायनशास्त्रज्ञ फ्रँकलंडच्या प्रयोगशाळेत हायड्रोजनपासून ती मिळते का हे पडताळले, आणि अंगठा कुठल्याच खातेदाराशी जुळत नाही म्हटल्यावर हा खातेदारच नवा आहे असे धरले. हेलियमचे श्रेय लॉकियरचे आहे ते त्या चिकाटीसाठी. ते कट्ट्यावर मिळालेले नाही, बागेत आणि प्रयोगशाळेत मिळालेले आहे.

जान्सेनचे पत्र हिंदुस्थानातून आणि लॉकियरचे लंडनहून, अशी दोन्ही पॅरिसच्या विज्ञान अकादमीत एकाच बैठकीत, २६ ऑक्टोबर १८६८ ला पोचली. फ्रेंचांनी भांडण न करता दोघांनाही मान दिला आणि १८७२ साली दोघांचे चेहरे शेजारीशेजारी कोरून एक पदक काढले. मला वाटते आपल्या घोटाळ्याचे मूळ या शेजारात आहे. एकाची तारीख आणि दुसऱ्याचा चेहरा कधीतरी एका पानावर चिकटले आणि मग सुटलेच नाहीत. गंमत म्हणजे ते पदक हेलियमसाठी नव्हतेच, ज्वाळा पाहण्याच्या पद्धतीसाठी होते.

मग हेलियमचा वाढदिवस कोणता? १८ ऑगस्ट म्हणाल तर त्या दिवशी रेषा दिसली, ओळखली कुणी नाही. २० ऑक्टोबर म्हणाल तर संशय आला. ‘हेलियम’ हे नाव १८७१ साली एडिंबरोच्या एका भाषणात विल्यम थॉमसनने जाहीरपणे घेतले आणि ते लॉकियर-फ्रँकलंड यांचे म्हणून घेतले. म्हणजे बारसे तेव्हाचे. बारशातही एक चूक झाली. शेवटी ‘इयम’ लावतात ते सोडियम, कॅल्शियम यांसारख्या धातूंना. निऑन, अरगॉन यांच्या चालीवर याला हेलिऑन म्हणायला हवे होते. धातू समजून ठेवलेले नाव वायूला तसेच राहिले. आज एमआरआयचे यंत्र थंड ठेवायला लागणारा वायू तो हाच. पृथ्वीवर तो सापडला २६ मार्च १८९५ ला, विल्यम रॅम्झेला, युरेनियमच्या एका खनिजातून निघालेल्या वायूत. तोपर्यंत ‘सूर्यावरचे मूलद्रव्य’ ही लॉकियरची हौस आहे, असे म्हणणारे पुष्कळ होते. सव्वीस वर्षे त्या माणसाने ती थट्टा सोसली. चार तारखा, चार साक्षीदार. मास्तरांनी दाखल्यावर यांतली कुठलीही लिहिली असती तरी मी भांडलो नसतो. मी भांडतो आहे ते जन्मगावासाठी.

कारण विजयदुर्गात लॉकियर आला होता, आणि थाटात आला होता. तारीख २२ जानेवारी १८९८. त्या दिवशीच्या खग्रास ग्रहणासाठी त्याने विजयदुर्ग निवडला. आता तो कारकून नव्हता. ‘नेचर’ या विख्यात विज्ञान साप्ताहिकाचा संस्थापक, आदल्याच वर्षी ‘सर’ झालेला, म्हणजे अक्षरशः साहेब. ‘मेलपोमेनी’ ही ब्रिटिश आरमाराची युद्धनौका दिमतीला होती. ज्या किल्ल्यावर १७५६ साली इंग्रज आरमाराने तोफा डागून आंग्र्यांचे गलबतखाने जाळले, त्याच किल्ल्याखाली एकशे बेचाळीस वर्षांनी त्याच आरमाराचे जहाज नांगर टाकून दुर्बिणी उतरवत होते. शंभरावर नौसैनिक आणि अधिकारी वेध घेण्यासाठी तयार केलेले. कुणी प्रभामंडळाचे चित्र काढायचे, कुणी सेकंद मोजून ओरडायचे, कुणी काचा बदलायच्या, अशी रोज रंगीत तालीम. कारण खरा प्रयोग होता जेमतेम दोन मिनिटांचा. जड यंत्रे हलू नयेत म्हणून पक्के चौथरे लागतात. आपले कट्टे त्या मुक्कामाचेच असणार, दुसरा मेळ बसत नाही. जानेवारीचे स्वच्छ आकाश होते, ग्रहण उत्तम दिसले, आणि लॉकियर, जहाजाचे कप्तान व कलकत्त्याचे प्राध्यापक पेडलर यांचा विजयदुर्गच्या वेधांचा अहवाल रॉयल सोसायटीने छापला. हे आपले व्हाउचर.

त्या दिवशीची सावली विजयदुर्गावरून महाराष्ट्राच्या अंगावरून तिरकी गेली. करमाळा तालुक्यातल्या जेऊर स्टेशनाजवळ अमेरिकेतल्या लिक वेधशाळेचा कॅम्पबेल पत्नीसह तळ ठोकून होता. वऱ्हाडात तळणीला माँडर पती-पत्नी होते. अॅनी माँडर या बाईंनी टिपलेला प्रभामंडळाचा लांबच लांब किरण पुढे नावाजला गेला. आणि काळ कसला? मुंबई इलाख्यात प्लेग. रँडचा खून होऊन सात महिने झालेले, दामोदर चापेकर तुरुंगात. वेदांचा काळ मृग नक्षत्रावरून ठरवण्यासाठी ‘ओरायन’ लिहिणारे लोकमान्य टिळकही तुरुंगात. घरे ओस, लोक माळावर झोपड्यांत, आणि त्या माळावर भर दुपारी दोन मिनिटे रात्र. कादंबरीकाराला याहून काय हवे? आणि मी काय लिहिले, तर श्रावणातली सकाळ!

जेऊरला आणखी एक तुकडी होती, पुण्याची. तिचे प्रमुख कावसजी दादाभाई नायगमवाला. पुण्याच्या कॉलेज ऑफ सायन्समधले प्राध्यापक. भावनगरच्या महाराजा तख्तसिंहजींच्या देणगीतून त्यांनी पुण्यात वेधशाळा उभारली आणि तिच्यात वीस इंची आरशाची दुर्बीण बसवली; कित्येक दशके ती हिंदुस्थानातली सर्वांत मोठी दुर्बीण होती. जेऊरच्या माळावर त्यांनी सूर्याच्या कडेच्या वर्णपटाची छायाचित्रे घेतली आणि १९०२ साली त्यांचा सविस्तर अहवाल प्रसिद्ध केला. १९१२ साली ते निवृत्त झाले, वेधशाळा बंद झाली, यंत्रे कोडाईकनालला गेली. एक माणूस निवृत्त झाला आणि खातेच बंद. जेऊर स्टेशनावरून सोलापूरची गाडी पकडून मी शेकडो वेळा गेलो असेन. खिडकीतून केळी आणि वडा घेतला, माळाकडे कधी पाहिले नाही.

हे सगळे मी कोकणातल्या मित्रांना सांगतो तेव्हा ते दुखावतात. त्यांचे म्हणणे मी समजू शकतो. दरवर्षी १८ ऑगस्टला साहेबाच्या कट्ट्यावर हेलियम दिन साजरा होतो, शाळेची मुले येतात, कुणी व्याख्यान देतो, सूर्य या विषयावर चार शब्द मुलांच्या कानांवर पडतात. आडबाजूच्या गावात हे घडते, ही सोपी गोष्ट नाही. ‘तारखेत आणि नावात थोडे इकडेतिकडे झाले, तर कुणाचे काय नुकसान?’ एका मित्राने मला रोखठोक विचारले.

याचे उत्तर मला बँकेनेच शिकवलेले आहे, आणि ते शिकवणे स्वस्त पडले नव्हते. देशावरच्या एका शाखेत असताना आमच्याकडे एकाच नावाचे दोन खातेदार होते. वडिलांचे नाव तेवढे वेगळे. एकाचे चार हजार रुपये दुसऱ्याच्या खात्यात जमा झाले आणि त्या व्हाउचरवर सही माझी होती. संध्याकाळी ताळा जमला. जमणारच, जमा तितकीच, नावे तितकेच, एकूण बेरजेत एक पैशाचा फरक नाही. दुसऱ्या खातेदारानेही तोंड उघडले नाही. घरी आलेली लक्ष्मी समजला असेल. पाऊस पडल्यावर पहिला माणूस बियाण्याच्या दुकानात चेक देऊन आला, आणि चेक परत गेला. माझ्यासमोर येऊन बसला तेव्हा तो ओरडला नाही. ‘साहेब, तुमचा ताळा जमला, माझा पेरा चुकला,’ एवढेच म्हणाला. आम्ही पैसे त्याच दिवशी फिरवले, माफी मागितली. पेरणीचे दिवस फिरवता आले नाहीत.

लॉकियरच्या खात्यात कुणी खोटी जमा केली तर त्याचे काही बिघडत नाही, त्याची शिल्लक मुळातच भक्कम आहे. बिघडते ते गुंटूरच्या लंगड्या जान्सेनचे, ‘किंवा जवळ’ लिहिणाऱ्या पॉग्सनचे, वनपर्तीला गेलेल्या रघुनाथाचारींचे. जमखंडीतल्या मुलाला कुणी सांगत नाही की तुझ्या गावातून ती रेषा दिसली होती. जेऊरच्या मुलाला नायगमवाला माहीत नाहीत. विजयदुर्गच्या मुलांच्या पदरात तर दुहेरी तोटा: जे घडले नाही त्याचा उत्सव, आणि जे त्यांच्या अंगणात खरोखर घडले त्याचा मागमूस नाही.

म्हणून माझी सूचना अगदी व्यवहारी आहे. उत्सव बंद करू नका, हलवा. २२ जानेवारीला करा. आकाश निळेशार असते, आंब्याला मोहोर आलेला असतो, वाट कोरडी असते, मुले पावसात कुडकुडत नाहीत आणि मुख्य म्हणजे सूर्य दिसतो. काळ्या काचेचे चष्मे देऊन त्यांना तो दाखवता येईल, लोलकातून वर्णपट दाखवता येईल. १८ ऑगस्टला भिजत उभे राहून सूर्याविषयीचे भाषण ऐकणाऱ्या पोरांची मला खरोखर दया येते. शंका असेल त्याने फलकावर दोन्ही साले लिहावीत: १८६८ ला रेषा कुठे दिसली, कुणाकुणाला दिसली, आणि १८९८ ला साहेब इथे कशासाठी आला. चार ओळींचे काम आहे. आणि त्याच दिवशी जेऊरलाही कुणीतरी चार पोरे माळावर न्यावीत. तिथे कट्टाही नाही, पण माळ आहे.

माझ्यापुरते मी काम सुरू केले आहे. कादंबरीच्या नव्या आवृत्तीत ती साडेतीन पाने पुन्हा लिहिली. श्रावण गेला, जानेवारी आला, सकाळ गेली, भर दुपार आली. प्लेगच्या भीतीने मुंबईहून गावी परतलेला एक गिरणी कामगार त्यात नव्याने शिरला. प्रकाशकाने कपाळाला हात लावला. मास्तरांना प्रत पाठवली, त्यांचे पोस्टकार्ड आले: ‘पोहोचली. आता सूर्य दिसतो.’

मध्यंतरी २२ जानेवारीचा मुहूर्त साधून पुन्हा विजयदुर्गाला गेलो. वाट दाखवणारा तोच, आता केस पिकलेला, त्याने मला ओळखले नाही. कट्ट्यापाशी आल्यावर तेच वाक्य. मी त्याला सावलीत बसवून सगळी हकिगत सांगितली, गुंटूर, लंडन, मेलपोमेनी, सगळे. तो शांतपणे ऐकत होता. मग काळजीच्या सुरात म्हणाला, ‘म्हणजे सायब हय इलोच नाय?’

‘आला. पण एकोणतीस वर्षांनी.’

‘मगे इलो ना!’ त्याचा चेहरा उजळला. कट्ट्यावरचा पाचोळा हाताने झाडत म्हणाला, ‘कट्टो सायबाचोच. फकत तारीक सांगा, मी लिवन घेतंय.’

मी खिशातले पेन काढून त्याला दिले.